दूरचित्रवाणीवरील विनोद आणि मुसलमान घर

सब वाहिनीवर २००८ साली सुरू झालेल्या ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ या मालिकेतील गोकुळधाम सोसायटी ही भारताची लहान प्रतिकृती म्हणून योजिलेली आहे. तीत गुजराती जेठालाल, मराठी भिडे मास्तर, पंजाबी सोढी, तमिळ अय्यर व त्याची बंगाली पत्नी या सर्वांना बिऱ्हाडे मिळाली आहेत. मुसलमान अब्दुलला मिळाले आहे ते दुकान. रात्री पुरुषमंडळी त्याच्याकडे सोडा पितात, त्याचा चांगुलपणा वाखाणतात. तो खलपुरुष नाही, कुचेष्टेचा विषयही नाही. परंतु या प्रकारच्या विनोदाचा प्राण घरगुती कुरबुरींत असतो. बापूजींपुढे जेठालालची जी तारांबळ उडते, तशी उडण्यासाठी आधी घर असावे लागते. ते अब्दुलला नाही. निंदेचा साचा चटकन ओळखू येतो. सद्‌गुणांचा साचा मात्र वर्षानुवर्षे खपून जातो.

आदिल रे यांची ‘सिटिझन खान’ (२०१२–२०१६) ही बी.बी.सी.वरील मालिका याच्या दुसऱ्या टोकाची आहे. बर्मिंगहॅममधील बढाईखोर बाप आणि त्याच्यासमोर डोके झाकून घेणारी चतुर मुलगी यांवरून तिच्याविरुद्ध पुष्कळ तक्रारी झाल्या. त्या सर्वस्वी निराधार नव्हत्या. तथापि मुलगी बापाला फसवते, ते स्वतःच्या घरात.

नाशिक जिल्ह्यातील मालेगावचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. शेख नासिर यांच्या ‘मालेगाव के शोले’ने २००० च्या सुमारास यंत्रमागाच्या या गावाला विडंबनपटांचे वेड लावले. दरोडेखोर घोड्यांऐवजी सायकलींवरून आले, गब्बरचा रबरसिंग झाला. पुढील ‘मालेगाव का सुपरमॅन’चा खलनायक तर घाणीचाच भोक्ता आहे. येथे हसणारे आणि हसवणारे बहुतांशी मुसलमान कामगार. पण विनोदाचा विषय धर्म नव्हे, दारिद्र्य आणि गावाची दुर्दशा. (अशा विनोदाला ‘प्रादेशिक गंमत’ म्हणून बाजूस सारणे ही समीक्षेची जुनी खोड आहे.) मात्र घर येथेही बंदच राहिले. गावातील स्त्रिया कॅमेऱ्यासमोर येत नसत. नट्या बाहेरगावाहून आणाव्या लागत. अब्दुलचे घर लेखकांनी कल्पिले नाही, मालेगावचे घर गावानेच दाखवू दिले नाही. या दोन अभावांची कारणे निराळी आहेत, आणि दुसऱ्याची चिकित्सा पहिल्याइतक्याच निर्भीडपणे झाली पाहिजे.

पुढे ‘मालेगाव का चिंटू’ या मालिकेमुळे हे गाव सब वाहिनीवरच पोहोचले. ती मालिका मूक होती. मालेगावची बोली तीत ऐकू आलीच नाही.