तबकडीवर कुणाचं नाव? जॅझ, हिपहॉप आणि स्वतंत्र लेबल



आजचा विषय वाचून माझ्या वयाच्या काही मंडळींनी विचारलं, की सर, जॅझ आणि हिपहॉपचा नांदेड-लातूरशी संबंध काय? आहे ना! लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य आणि पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले डॉ. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं साहित्य आणि संस्कृती मराठीत आणली. त्याच्याही आधी, १९७२ साली, मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिनं नावच तिकडून घेतलं. तेव्हा हे संगीत आपल्याला अगदीच परकं नाही.

आता इथली पोरं खोलीच्या भिंतीला गाद्या लावून रॅप रेकॉर्ड करतात. त्यांना स्वतःचं लेबल काढायचंय. काढावं की. पण एक चिन्ह काढून फोनवर टाकलं म्हणजे लेबल होत नाही. रेकॉर्डिंगचा खर्च उचलायचा, मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी सांभाळायची, ते लोकांपर्यंत पोचवायचं आणि आलेला पैसा वाटायचा, ही लेबलची कामं. यातल्या शेवटच्या कामाबद्दलच मला बोलायचंय, कारण तिथंच सगळे चुकारपणा करतात.

जॅझ आणि हिपहॉप जिथं भेटतात, तिथं मुख्य व्यवहार सँपलिंगचा. जुन्या तबकडीतला चार मात्रांचा तुकडा उचलायचा, तो फिरता ठेवायचा आणि त्यावर आपले शब्द बोलायचे. हे अमेरिकेतल्या पोरांनी घरातल्या, वडीलधाऱ्यांच्या तबकड्यांवर केलं. म्हणून मला हे दोन पदार्थांचं मिश्रण वाटत नाही, वारसाहक्काचं प्रकरण वाटतं. आणि वारसा म्हटला की वाटणी आलीच.

१९६९ साली 'द विन्स्टन्स' या मंडळींच्या एका तबकडीवर ग्रेगरी कोलमननं सहा-सात सेकंद एकट्यानं ड्रम वाजवला. ती तबकडी जॅझची नव्हे, सोल संगीताची. पण दाखला चोख आहे. तो तुकडा पुढं हजारो गाण्यांत वापरला गेला. कोलमनला त्याचं मानधन मिळालं नाही. २००६ साली तो गेला तेव्हा त्याला राहायला घरही नव्हतं.

दुसरं उदाहरण १९९३ चं. लंडनचे 'अस थ्री' हे लोक ब्लू नोट या जॅझच्या नामवंत लेबलच्या तबकड्यांतले तुकडे न विचारता वापरत होते. लेबलच्या मालकांनी त्यांना बोलावलं आणि खटला भरण्याऐवजी सगळा संग्रहच खुला करून दिला. हर्बी हॅनकॉकच्या १९६४ च्या रचनेवर उभं राहिलेलं त्यांचं गाणं तुफान चाललं. संगीत म्हणून मला ते जरा गोडगट वाटतं, खरं सांगतो. हिशेब मात्र सरळ झाला. तरीही पूर्ण नाही, बरं का. चालीचा हक्क हॅनकॉकचा. त्या तबकडीवर ड्रम वाजवणाऱ्या टोनी विल्यम्सचं काय? तुकडा कापताना आपण चाल थोडीच कापतो? आपण त्याचा हात कापून घेतो! चालीच्या हक्कात त्या हाताला जागा नाही.

आपल्याकडं हेच घडलं. 'अलबेला' (१९५१) आठवा. सी. रामचंद्रांचं नाव घरोघरी गेलं. त्या चित्रपटात वाजणारा ट्रम्पेट गोव्यातल्या हळदोण्याच्या चिक चॉकलेटचा. त्याचं खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ. आज किती जणांना माहीत आहे? आपल्या कायद्यानं ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षांनी संपतो, म्हणजे त्या गाण्यांचा संपला. चालीचा मात्र संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, आणि सी. रामचंद्र गेले १९८२ साली. म्हणजे आज कुणी त्या चाली घेतल्या तर चालीचा हक्क ज्याच्याकडं आहे त्याला विचारावं लागेल, ट्रम्पेटवाल्याला नाही.

वामनदादा कर्डकांना ही गोम कळलेली होती असं मला वाटतं. गाण्याच्या शेवटी 'वामन' हे नाव ते शब्दांत, यमकात बसवून टाकत. वेष्टनावरचं नाव गाळता येतं. हे गाळलं तर कडवंच मोडतं. कॅसेटच्या काळात त्याची गरजही होती. माझ्याकडच्या भीमगीतांच्या जुन्या कॅसेटींवर गायकाचा फोटो भला मोठा आहे आणि कवीचं नाव शोधायला भिंग लागतं. हलगीवाला, ढोलकीवाला तर कुठंच नाही.

२०१२ ची दुरुस्ती झाल्यापासून गीतकार-संगीतकाराचा मानधनाचा वाटा कंपन्यांना लिहून घेता येत नाही. चांगलंच झालं. पण आपल्या नव्या पोरांची तऱ्हा बघा. नेटवरून 'जॅझी बीट' विकत घेतात, त्यातला सॅक्सोफोन कुणाचा हे विचारत नाहीत. वर गल्लीतली हलगी फोनवर टिपून घेतात, आणि वाजवणाऱ्याला चहा पाजला की झालं! कंपन्यांनी आपल्याला लुटलं असं रॅपमध्ये ओरडायचं आणि त्याच गाण्याखाली हलगी वाजवणाऱ्याला बिननावाचं ठेवायचं. असल्या लेबलला मी स्वतंत्र म्हणणार नाही. ते कुणापासून स्वतंत्र आहे?

तेव्हा पहिलं गाणं टाकायच्या आधी एक कागद करा. कोण काय वाजवलं, मुद्रणाची मालकी कुणाची, शंभर रुपये आले तर कुणाला किती, हे लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. हलगीवाल्याला आपलं नाव कसं लिहितात तेही विचारून घ्या.

आता तुमचे प्रश्न.