लिस्टरची गिरणी : वास्तुरक्षण आणि श्रमस्मृती

इंग्लंडातील ब्रॅडफर्ड शहराच्या मॅनिंगहॅम भागात सॅम्युएल कन्लिफ लिस्टर यांची रेशीमगिरणी उभी आहे. आधीची गिरणी १८७१ साली आगीत भस्मसात झाली. अँड्र्यूज आणि पेपर या वास्तुविशारदांनी रचलेली नवी इमारत १८७३ साली उभी राहिली. पुढे गिरणी बंद पडली आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी तिच्या मोठ्या भागाचे सदनिकांत रूपांतर झाले. इमारत वाचली हे निर्विवाद आहे. तिच्यातील नेमके काय वाचले, हा खरा प्रश्न होय.

या वास्तूत दोन भिन्न हेतू एकत्र नांदत होते. बाह्यांग मालकाच्या वैभवाचे द्योतक आहे. २४९ फूट उंचीच्या धुराड्याला इटालियन घंटामनोऱ्याचे रूप दिलेले आहे. त्याचे उपयुक्त कार्य अलंकाराखाली झाकले जाते. अंतर्भागाची रचना मात्र यंत्रांनी ठरविली. यंत्रांच्या ओळींसाठी सलग, प्रशस्त मजले आणि कामास पुरेल एवढ्या उजेडासाठी खिडक्यांच्या रांगा आवश्यक होत्या. कामगारांचे सामुदायिक जीवन याच अखंड मजल्यांवर घडले. मजुरीतील कपातीविरुद्ध डिसेंबर १८९० मध्ये सुरू झालेला संप एप्रिल १८९१ पर्यंत चालला. संपकऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. संप फसला, परंतु त्यातून उद्भवलेल्या जागृतीचा १८९३ साली ब्रॅडफर्ड येथेच झालेल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या स्थापनेशी निकटचा संबंध आहे.

रूपांतरात दर्शनी भिंती व धुराडे जपले गेले. अखंड मजले मात्र भिंतींनी विभागले गेले. म्हणजे मालकाने जगाला दाखविण्यासाठी जे उभारले ते टिकले, आणि कामगारांच्या एकत्र असण्याला आधार देणारा अवकाश नाहीसा झाला. घरांना खासगीपणा हवा, हे मान्य केले तरी ही हानी लहान ठरत नाही.

या दृष्टीने वेल्व्हेट मिलच्या छतावर डेव्हिड मॉर्ली यांच्या संस्थेने रचलेली नवी घरे विचारणीय आहेत. प्रथमदर्शनी ती विसंगत भासतात. परंतु जुनेपणाचे सोंग न घेता ती आपला काळ स्पष्टपणे सांगतात. भिंतींमागचा बदल नजरेआड राहतो, छतावरचा राहत नाही. वास्तुरक्षणाची कसोटी केवळ दर्शनी भागाच्या अभंगतेवर लावणे म्हणूनच अपुरे आहे. इमारतीत कोणाचा इतिहास घडला आणि नव्या रचनेत त्याला कोठे स्थान उरले, हेही तपासले पाहिजे.