‘कानून’ नावाचे दुसरे जग : रमन राघवचे भ्रमविश्व आणि त्याची चित्रपटीय रूपे

एकाकी माणूस हळूहळू भ्रमाच्या आहारी जातो आणि त्या भ्रमाची परिणती हिंसेत होते, हे आशयसूत्र आधुनिक कलेला नवे नाही. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या ‘टॅक्सी ड्रायव्हर’ (१९७६) या चित्रपटापासून महानगरातील अशा माणसाची एक ठरीव प्रतिमाच तयार झालेली दिसते. आपल्याकडे या सूत्राचा विचार करताना मुंबईतील रमन राघव या खऱ्या माणसापाशी थांबणे भाग पडते. आजच्या विद्यार्थ्याला तो ठाऊक असतो तो मुख्यतः अनुराग कश्यप यांच्या २०१६ च्या चित्रपटामुळे. परंतु कलाकृतीने भ्रमाला अर्थ देण्याच्या ओढीत खुद्द भ्रमच पुसून टाकला आहे काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

१९६५-६६ मध्ये मुंबईच्या उपनगरांत, रेल्वेमार्गालगत, झोपलेल्या माणसांवर रात्री जड वस्तूने घाव घालण्याचे सत्र सुरू झाले. त्या काळात रमन राघव पोलिसांच्या हाती लागला होता, पुराव्याअभावी सुटला. १९६८ मध्ये पुन्हा तसेच खून होऊ लागले. रमाकांत कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली तपास झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याला अटक झाली. त्याने एकेचाळीस खुनांची कबुली दिली. बळी पडलेली माणसे बहुतांशी झोपडीत किंवा उघड्यावर झोपणारी होती, ही गोष्ट येथे नोंदवून ठेवणे आवश्यक आहे.

अटकेच्या वेळी त्याच्यापाशी सापडलेल्या वस्तूंची यादी कोणत्याही कथाकाराला सुचणार नाही अशी आहे : चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचे घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि आकडेमोड केलेले दोन कागद. हा एका माणसाचा संपूर्ण संसार होय. त्याची टोपणनावेही अशीच बोलकी. त्याला ‘अण्णा’ म्हणत, ‘तंबी’ म्हणत. तमिळमध्ये पहिल्याचा अर्थ थोरला भाऊ, दुसऱ्याचा धाकटा. दक्षिणेतून पोटासाठी आलेल्या कोणत्याही अनोळखी श्रमिकाला हे शहर याच नावांनी हाक मारी. ज्याला कोणी जवळचे नव्हते अशा माणसाच्या वाट्याला नात्याचीच नावे आली. हा उपरोध कोणी हेतुपुरस्सर रचलेला नाही.

खटल्यातील खरा वाद कृत्याबद्दल नव्हता, मनाबद्दल होता. भारतीय दंडसंहितेच्या कलम ८४ नुसार (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २२) मनोविकलतेमुळे आपल्या कृत्याचे स्वरूप, किंवा ते चूक वा कायद्याविरुद्ध आहे हे समजण्यास जो असमर्थ असतो, त्याचे कृत्य अपराध ठरत नाही. पोलीस शल्यचिकित्सकाने १९६९ मध्ये काही दिवस निरीक्षण करून त्याला मनोविकार नसल्याचे मत दिले. बचावाच्या मनोविकारतज्ज्ञाचे म्हणणे याच्या उलट होते : माणसे मारतो आहोत हे याला समजते, पण ते चूक वा बेकायदा आहे हे समजत नाही. न्यायालयाने मृत्युदंड दिला आणि आरोपीने अपील करण्यास नकार दिला. पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशावरून तीन मनोविकारतज्ज्ञांचे मंडळ नेमण्यात आले. त्याने जुनाट, संशयप्रधान स्किझोफ्रेनियाचे, म्हणजे छिन्नमनस्कतेचे, निदान केले. अखेर १९८७ मध्ये शिक्षा जन्मठेपेत बदलली गेली.

त्या मंडळासमोर उलगडलेले भ्रमविश्व विलक्षण आहे. जगे दोन आहेत. एक हे, आणि दुसरे ‘कानून’चे. आपण कानूनचे प्रतिनिधी. देशात अकबराचे, ब्रिटिशांचे आणि काँग्रेसचे अशी तीन सरकारे आहेत आणि ती आपला छळ करतात, आपल्यापुढे मोह ठेवतात. लोक आपले लिंग बदलू पाहतात, पण आपण ‘एकशे एक टक्के पुरुष’ आहोत. शेवटच्या भेटीत तज्ज्ञांनी निरोपासाठी हात पुढे केला तेव्हा त्याने तो घेतला नाही; कानूनचा प्रतिनिधी या दुष्ट जगातील माणसांना स्पर्श करीत नाही, असे त्याने सांगितले.

येथे ‘कानून’ हा शब्द यावा, याला माझ्या मते फार महत्त्व आहे. पदपथावरच्या माणसाला राज्यसंस्था भेटते ती पोलिसाच्या दंडुक्याच्या आणि तुरुंगाच्या रूपात. चोरीच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेल्या या माणसाच्या भ्रमाने नेमकी तीच सामग्री उचलली आणि दंडितालाच दंडाधिकारी केले. अर्थात, सामग्री कोठून आली हे सांगता येणे म्हणजे आजाराचे कारण सांगणे नव्हे. हा भेद समीक्षेने पाळलाच पाहिजे. आपल्याकडे तो क्वचितच पाळला जातो.

श्रीराम राघवन यांच्या १९९१ च्या चित्रपटात रघुवीर यादव यांनी ही भूमिका केली आहे. या कृतीचा मोठा गुण तिच्या संयमात आहे. शीर्षकात शहर आधी येते आणि मारेकरी नंतर, हेही सूचक होय.

कश्यप यांचा ‘रमन राघव २.०’ मात्र वेगळ्याच वाटेने जातो. हा चित्रपट त्या रमन राघवविषयी नाही असे तो आरंभीच जाहीर करतो. प्रामाणिकपणा म्हणून ते मान्य करावे, परंतु नाव तर तेच वापरले आहे. त्या एका नावाचे दोन तुकडे केले आहेत : खुनी रमण्णा (नवाजुद्दीन सिद्दीकी) आणि अमली पदार्थांच्या आहारी गेलेला पोलीस अधिकारी राघव (विकी कौशल). एक दुसऱ्याचे प्रतिबिंब. बहिणीच्या घरातील प्रदीर्घ प्रसंग अंगावर काटा आणतो, कारण तेवढ्यापुरता रमण्णाला भूतकाळ आणि नाते मिळते. एरवी तो देवाशी थेट संवाद असल्याचे सांगतो तेव्हाही त्याच्या बोलण्यात मिस्कीलपणाच अधिक जाणवतो. त्याचा दावा असा, की इतर लोक गणवेशाच्या वा धर्माच्या आडून मारतात आणि आपण मात्र कोणत्याही आडोशाशिवाय मारतो. प्रेक्षकाला यात काहीतरी सत्य सांगितल्यासारखे वाटते आणि टाळ्याही पडतात.

नेमका येथेच मूळ माणसाचा विपर्यास होतो. खऱ्या रमन राघवला आडोसा हवाच होता. नव्हे, त्याच्यापाशी आडोशाखेरीज दुसरे काहीच नव्हते. कायद्याच्या नावाखेरीज त्याला स्वतःची ओळखच उरली नव्हती. चित्रपटाने त्या भ्रमिष्टाला तत्त्वज्ञ केले, आणि त्यामुळे आजार हा समाजाचे ढोंग उघड करणारा आरसा ठरला. या आरशाची किंमत दोघे मोजतात. एक, मारली गेलेली निनावी माणसे, जी रूपकाच्या मांडणीत निव्वळ सामग्री ठरतात. दुसरे, छिन्नमनस्कतेचे असंख्य रुग्ण. त्यांतील बहुतेक जण कधीही हिंसक होत नाहीत, उलट इतरांच्या हिंसेला बळी पडण्याचा धोका त्यांना अधिक असतो. वर्गात हा चित्रपट चर्चेला घेणाऱ्या अध्यापकाने एवढे तरी सांगावे.

मराठी रसिकाला या संदर्भात जयवंत दळवी यांचे ‘बॅरिस्टर’ आठवावे. ‘अंधाराच्या पारंब्या’ या दळवींच्याच कादंबरीवर आधारलेले, विजया मेहता यांनी दिग्दर्शित केलेले हे नाटक १९७७ मध्ये रंगभूमीवर आले. घराण्यात चालत आलेल्या वेडाचे भय बाळगणाऱ्या त्या एकाकी माणसाला नाटककाराने वाडा दिला, मावशी दिली, संगीताची आणि इंग्लंडची आठवण दिली. त्यामुळे त्याचे कोसळणे आपल्याला आतून जाणवते. आपल्या साहित्यात वेडाला अंतर्मन लाभते ते बहुधा असे घर असले तरच. फुटपाथवरच्या वेडाच्या वाट्याला पोलीस-दप्तर येते, नाहीतर थरारपट.

रमन राघव १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने वारला. अटकेपासून मृत्यूपर्यंतची सुमारे सत्तावीस वर्षे त्याने बंदिवासात काढली. म्हणजे १९९१ चा चित्रपट तयार झाला तेव्हा त्याचा नायक कैदी म्हणून जिवंत होता.