'प्राओतेस' : सौम्यता कोणाची?

'प्राओतेस' या ग्रीक शब्दासाठी मराठीत सौम्यता, नम्रता, लीनता असे प्रतिशब्द योजता येतात. यांपैकी नंतरचे दोन चुकीचे आहेत आणि पहिलाही निर्धास्तपणे वापरावा असा नाही.

अॅरिस्टॉटलने (इ. स. पू. 384-322) आपल्या नीतिशास्त्राच्या चौथ्या खंडात या गुणाचे विवेचन केले आहे. त्याच्या मते प्राओतेस म्हणजे क्रोधाच्या बाबतीतले प्रमाण. योग्य कारणासाठी, योग्य व्यक्तीवर आणि योग्य तितकाच काळ जो रागावतो, तो सौम्य. स्वतःचा वा आप्तांचा अपमान मुकाट्याने गिळणे हे तो दासवृत्तीचे लक्षण मानतो. तेव्हा हा शब्द दुबळ्याच्या सोशिकपणाचा नव्हे.

तथापि या विवेचनाची मर्यादाही तेथेच आहे. क्रोध कसा शमतो हे सांगताना वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात तो दासांना होणाऱ्या शिक्षेचे उदाहरण देतो. उलट बोलणाऱ्या दासाला अधिक शिक्षा होते; शिक्षा न्याय्य आहे असे कबूल करणाऱ्यावरचा राग ओसरतो. दासाने मान तुकवावी, मग मालकाने सौम्य व्हावे! त्या दासालाही अपमानाचा राग येण्याचा अधिकार आहे काय, हा प्रश्न येथे उपस्थितच होत नाही.

पुढे हिब्रू धर्मग्रंथांच्या ग्रीक भाषांतरात पीडित, दीन अशा छटा असलेल्या 'अनाव' या शब्दासाठी याच कुळातील 'प्राउस' हे विशेषण आले आणि तेथून ते मत्तयाच्या शुभवर्तमानात उतरले. मालकाचा गुण दाखविणारा शब्द असा दीनांकडे आला. आपल्या मराठीतही 'गरीब स्वभावाचा' म्हणजे निरुपद्रवी, हे येथे आठवावे. दारिद्र्य आणि सद्गुण यांना एकच शब्द देणारी भाषा कोणाच्या सोयीची असते?

मज्झिम निकायातील ककचूपम सुत्तात भगवान बुद्धांनी सांगितलेली वेदेहिकेची कथा या संदर्भात पुन्हा वाचली पाहिजे. श्रावस्तीची ही गृहिणी 'सोरता', म्हणजे सौम्य, म्हणून प्रसिद्ध होती. तिच्या काळी नावाच्या दासीला शंका आली : मालकिणीला राग नाही, की माझे काम चोख आहे म्हणून तो दिसत नाही? काळी मुद्दाम उशिरा उठू लागली. तिसऱ्या दिवशी वेदेहिकेने दाराची खीळ तिच्या डोक्यात घातली. रक्ताळलेले डोके घेऊन काळी शेजाऱ्यांकडे गेली आणि सौम्य बाईंची करणी तिने सर्वांना दाखविली. हा उपदेश भिक्षूंना आहे आणि पुढे तो करवतीच्या कठोर उपमेपर्यंत जातो, हे खरे. परंतु सौम्यतेची परीक्षा घेणारी येथे दासी आहे, ही गोष्ट अनेक भाष्ये घाईने ओलांडतात. अॅरिस्टॉटलच्या उदाहरणात परीक्षा दासाची होते.

सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात, गिरनारच्या प्रतीत, 'मादव' म्हणजे मार्दव हा शब्द आहे. कंदाहार येथे 1963 मध्ये मिळालेला ग्रीक शिलाखंड त्या शब्दापर्यंत पोहोचण्याआधीच तुटलेला आहे. मात्र त्याच लेखातील आधीचा भाग त्यावर शाबूत आहे. दास आणि सेवक यांच्याशी सम्यक वर्तन असावे, हा मूळ आशय ग्रीक भाषांतरकाराने त्यांना 'शक्य तितके हलके' वागवावे असा केला. ओझे हलके होते, पण ते कोणाच्या तरी खांद्यावर आहे हे गृहीत धरले जाते. 'सम्यक' या शब्दाची मागणी याहून मोठी होती.