तुरुंगातील दुःख आणि 'द धम्म ब्रदर्स'

अमेरिकेतील अलाबामा राज्यात, बर्मिंगहॅम शहरानजीक, डोनाल्डसन हा कडेकोट बंदोबस्ताचा तुरुंग आहे. तेथे 2002 साली दहा दिवसांचे विपश्यना शिबिर भरले. जेनी फिलिप्स, ॲण्ड्र्यू कुकुरा आणि ॲन मेरी स्टाइन यांनी त्यावर 'द धम्म ब्रदर्स' (2007) हा अनुबोधपट निर्माण केला. तिहारमधील शिबिरांवरील 'डूइंग टाइम, डूइंग विपश्यना' (1997) आपल्या वाचकांस परिचित असेल. त्या चित्रपटाचा भर तुरुंगाच्या परिवर्तनावर होता. फिलिप्स या मानववंशशास्त्रज्ञ व मानसोपचारक असल्याने येथे दृष्टी कैद्याच्या मनातील जुन्या जखमांकडे वळते.

चित्रपटाचे बळ याच दृष्टीत आहे. खुनासारख्या गुन्ह्यासाठी जन्मठेप भोगणारी माणसे आपले होरपळलेले बालपण आणि आपण केलेली हिंसा स्वतःच्या शब्दांत सांगतात. आघात झालेला मनुष्य ती घटना केवळ आठवत नाही; दचकणे, निद्रानाश, अनावर संताप या रूपांनी त्याचे शरीर ती पुनःपुन्हा भोगते. वेदनेतून तृष्णा उपजते, ही प्रतीत्यसमुत्पादाची कडी आहे. वेदना जाणूनही तिच्यामागे न धावणे म्हणजे ही कडी तोडणे होय. हा बोध बंदिवानाच्या तोंडून ऐकताना धम्माची सार्वत्रिकता पटते.

तथापि दोन प्रश्न अनुत्तरित राहतात. पहिला उपचाराचा. दीर्घ मौनात दडपलेल्या स्मृती एकदम उसळू शकतात आणि काहींची अवस्था त्यामुळे बिघडतेही. अशा वेळी आघातोपचाराचे शिक्षण घेतलेला उपचारक जवळ हवा, आणि शिबिरानंतरही हवा. डोनाल्डसनमध्ये तर कैदी ख्रिस्ती श्रद्धेपासून दुरावतील या शंकेने शिबिरेच थांबविण्यात आली. ती 2006 साली पुन्हा सुरू झाली. जो उपचार अधिकाऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून असतो, त्यास हक्क म्हणता येत नाही. आपल्याकडे मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 याने प्रत्येक राज्यातील किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य आस्थापना असावी असे बंधन घातले, हे येथे लक्षात घ्यावे.

दुसरा प्रश्न अधिक मूलगामी आहे. दुःखाचे सारे कारण कैद्याच्या चित्तातच आहे काय? शोषण हेही दुःखाचे कारण आहे, ही बाबासाहेबांची दृष्टी. अमेरिकेच्या तुरुंगांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण लोकसंख्येतील त्यांच्या वाट्याहून कितीतरी अधिक आहे. या वास्तवाची मीमांसा चित्रपट करीत नाही. भारतात 2022 च्या अधिकृत अहवालानुसार सुमारे तीन चतुर्थांश बंदी न्यायाधीन होते, म्हणजे त्यांचा दोष अद्याप सिद्ध झालेला नव्हता. तुरुंगात जातीनुसार कामे वाटणारे नियम सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 रोजी रद्द केले. जन्माच्या आधारे ज्याच्या हाती संडास साफ करण्याचा झाडू दिला गेला, त्याला केवळ समतेने श्वास पाहण्यास सांगणे हा अर्धाच उपचार होय.

'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अंगुलिमालाच्या धम्मदीक्षेला स्थान दिले. भगवंतांनी त्याला संघाचा आश्रय दिला. मज्झिम निकायातील कथेत त्याला पकडण्यास निघालेला राजा पसेनदी त्याचे परिवर्तन पाहून त्यालाच चीवर, भोजन व निवास देऊ करतो. म्हणजे एकट्या अंगुलिमालाचे मन बदलून ही कथा पूर्ण होत नाही. समाजाला व राज्यसत्तेलाही आपले वर्तन बदलावे लागते. डोनाल्डसनच्या कैद्यांनी आपला वाटा उचलला. पसेनदीचा वाटा कोण उचलणार, हे चित्रपट विचारीत नाही. तुरुंगात धम्म नेऊ इच्छिणाऱ्या आपल्या विहारांनी मात्र तो प्रश्न विचारलाच पाहिजे.