मामल्लपुरमचे तटमंदिर : आख्यायिका आणि वास्तू

तमिळनाडूच्या पूर्व किनाऱ्यावरील मामल्लपुरम हे पल्लवकाळातील महत्त्वाचे बंदर होते. तेथील ‘शोअर टेंपल’ या नावाने परिचित असलेले तटमंदिर दुसरा नरसिंहवर्मन अर्थात राजसिंह याच्या कारकिर्दीत, इ. स. च्या आठव्या शतकाच्या आरंभी उभारले गेले. दक्षिणेतील दगडी चिरे रचून बांधलेल्या आरंभीच्या मंदिरांत त्याची गणना होते. तथापि या स्थळाविषयीच्या लोकप्रिय लेखनाचा भर समोर उभ्या असलेल्या मंदिरापेक्षा न दिसणाऱ्या मंदिरांवरच अधिक राहिला आहे.

युरोपीय खलाशी या ठिकाणाला ‘सात पॅगोडा’ म्हणत. समुद्रात गडप झालेल्या देवळांची स्थानिक आख्यायिका विल्यम चेंबर्स यांनी १७८८ मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये नोंदवली. पुढे सहा मंदिरे बुडाली व एकच उरले, हे सूत्र रूढ झाले. २००२ मध्ये गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सहभागाने झालेल्या शोधमोहिमेत पाण्याखाली बांधकामाचे अवशेष आढळले. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर वाळूखालची काही शिल्पेही उघडी पडली. या शोधांचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु ‘सहा’ या संख्येला त्यांतून पुष्टी मिळत नाही.

या आख्यायिकेमुळे वास्तूची खरी रचना दुर्लक्षित राहते. तटमंदिर हे एक मंदिर नसून तीन देवालयांचा समूह आहे. मूळ खडकातच कोरलेला शयनस्थ विष्णू मध्यभागी असून त्याच्या पुढे-मागे दोन शिवालये आहेत. चोळ राजा पहिला राजराज याच्या काळातील शिलालेखात या तिन्ही देवस्थानांचा निर्देश येतो. दोन शिखरांची विषम उंची ही त्रुटी नव्हे. मधला खडक जागीच ठेवून त्याभोवती केलेल्या मांडणीचा तो परिणाम मानणे अधिक सयुक्तिक ठरते. तिरुमंगै आळ्वार यांनी ‘कडलमल्लै’च्या शयनस्थ विष्णूला उद्देशून रचलेल्या पदांत मालाने जड झालेल्या नौकांचेही वर्णन येते. त्या काव्यात देव आणि बंदर वेगळे काढता येत नाहीत. तटमंदिराचे मोठे शिवालयही समुद्राकडे, पूर्वेलाच तोंड करून उभे आहे.

१९८४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या या स्मारकसमूहातील तटमंदिराच्या शिल्पांची खाऱ्या वाऱ्याने मोठी झीज झाली आहे. संरक्षणासाठी घातलेला दगडी बांध आणि लावलेली सुरूची झाडे आवश्यकच होती. मात्र त्यांमुळे मंदिर व समुद्र यांतील मूळ संबंध पाहणाऱ्याच्या नजरेआड होतो. म्हणूनच बुडालेल्या मंदिरांच्या संख्येपेक्षा उभ्या वास्तूचे, तिच्या शिलालेखांचे आणि बंदराशी असलेल्या नात्याचे एकत्रित विवेचन होणे अगत्याचे आहे. शिल्पांचे तपशील दिवसेंदिवस पुसट होत असल्याने हे काम पुढे ढकलण्याजोगे नाही.