गुलामीचा दिवस : होमरचा गडी आणि जोतीरावांचे वाचन

तुर्भे, रबाळे, दिघा या पट्ट्यात राहणारी आमची महाविद्यालयीन मुले अलीकडे ग्रीक देवदैत्यांविषयी भरभरून बोलतात. झ्यूस, पोसायडन, एकडोळ्या राक्षस, केसांच्या जागी नाग असलेली मेड्युसा ही सारी मंडळी त्यांना चित्रपटांतून आणि मोबाइलवरच्या खेळांतून ठाऊक झाली आहेत. ज्यांच्या आजा-आजींनी येथल्या दगडखाणींत खडी फोडली, अशा घरांतली ही मुले. त्यांच्यापैकी एकाने परवा विचारले, “सर, बाबासाहेबांनी १९५६ साली आपल्याला इथले देव सोडायला लावले. मग या परक्या देवांचे आपण काय करायचे?”

प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे ग्रीक पुराणकथांचा विचार झाला तो बहुतांशी आस्वादाच्या अंगाने. देवांचे रूप, वीरांचे शौर्य, नियतीचा खेळ, शोकात्मिकेची भव्यता. त्या कथांत गुरे कोण राखीत होते आणि जाते कोण ओढीत होते, हे विचारण्याची गरज या रसिकांना वाटली नाही. ज्यांच्या घरी पाणी भरायला दुसरा माणूस असतो त्यांना असे प्रश्न सुचत नाहीत.

परंतु एका मराठी लेखकाने होमर निराळ्या कामाला लावला. जोतीराव फुले यांची ‘गुलामगिरी’ १८७३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या इंग्रजी प्रस्तावनेच्या माथ्यावर होमरचे एक वचन आहे. गुलामीत पडल्या दिवसापासून माणसाचे सत्त्व निम्मेच उरते, असा त्याचा आशय. हे वचन आपण अनेकदा वाचले, पण होमरच्या काव्यात ते कोणाच्या तोंडी आहे याची चौकशी आपण केली नाही. ते झ्यूसच्या तोंडी नाही, एखाद्या वीराच्याही नाही. ‘ओडिसी’च्या सतराव्या सर्गात ते बोलतो युमेयस. हा ओडिसियसची डुकरे राखणारा गुलाम.

प्रसंगही ध्यानात घेतला पाहिजे. धनी वीस वर्षे घराबाहेर आहे. त्याचा म्हातारा कुत्रा उकिरड्यावर पडून आहे, त्याच्याकडे कोणी पाहत नाही. युमेयस म्हणतो, धन्याची नजर हटली की गुलाम नीट काम करीत नाहीत. आणि कारण म्हणून तो हे वचन सांगतो. म्हणजे मुळात ही गुलामांविरुद्धची तक्रार आहे, आणि ती एका गुलामाच्याच तोंडून वदवलेली आहे. शिवाय मूळ ओळीत सत्त्व हिरावून घेणारा झ्यूस आहे. जोतीरावांनी दिलेल्या इंग्रजी रूपात झ्यूस नाही. दिवसच सत्त्व हिरावतो. देव बाजूला झाला आणि राहिला तो केवळ माणसांनी माणसांवर लादलेला एक दिवस. ‘गुलामगिरी’च्या माथ्यावर बसताच ती तक्रार उलटली. ती गुलामावरचा ठपका राहिली नाही, गुलामी लादणाऱ्यावरचे आरोपपत्र झाली.

ज्या ग्रीक शब्दासाठी मी ‘सत्त्व’ म्हटले, त्याचा अर्थ गुणवत्ता असाही होतो. आमच्या मुलांना प्रवेशाच्या रांगेत आणि कचेरीत गुणवत्तेचे टोमणे ऐकावे लागतात. टोमणे मारणाऱ्याला एवढेच विचारावे की, निम्मी गुणवत्ता कोणत्या दिवशी आणि कोणी नेली?

येथेच खरा मुद्दा आहे. युमेयसला तो दिवस आठवतो. तो राजाचा मुलगा होता. लहानपणी त्याला पळवून विकले गेले. गुलामीच्या आधी आपण कोण होतो हे त्याला सांगता येते. पुढे ॲरिस्टॉटलने काही माणसे निसर्गतःच गुलाम असतात असे सांगून तो दिवस पुसायचा प्रयत्न केला. आपल्याकडे चातुर्वर्ण्याने तो पुरताच पुसला. विराट पुरुषाच्या पायांतून शूद्र जन्मला, असे सांगितले की गुलामीला आरंभच उरत नाही. ज्याला आरंभ नाही त्याला अंतही नाही, अशी ही युक्ती.

जोतीरावांची सारी खटपट तो दिवस शोधण्याची होती. त्यांनी दशावतार उलटे वाचले. मत्स्य, वराह, वामन यांत देव न पाहता स्वारी करणारे पाहिले. बळीराजा त्यांच्या लेखी दैत्य नव्हे, प्रजेचा राजा होता. त्यांच्या काही व्युत्पत्ती आज टिकणार नाहीत, पण प्रश्न टिकला. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळाचा शोध घेणारा ग्रंथ लिहिला आणि अस्पृश्यतेचा आरंभ इसवी सन ४०० च्या सुमाराचा ठरवला. तोही त्या दिवसाचाच शोध होता.

ही दृष्टी घेऊन आता एकडोळ्या पॉलिफीमसकडे पाहा. तो मेंढपाळ आहे. ओडिसियस न विचारता त्याच्या गुहेत शिरतो आणि त्याचे चीज खातो. पॉलिफीमस माणसे खातो हे खरे. पण ही हकीकत सांगतो कोण? त्याचा डोळा फोडणारा ओडिसियसच. आधी तो सांगतो की या लोकांना कायदा नाही, सभा नाही. समोरच्या ओसाड बेटाची जमीन कशी सुपीक आहे, बंदर कसे सोयीचे आहे, हेही तो न्याहाळतो. जमीन न्याहाळणारी ही नजर नवी मुंबईच्या माणसाला नवी नाही. १९७० च्या दशकात ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी ठरल्या तेव्हा नकाशावर मोकळी जागा दिसत होती. गावात आगरी, कोळी, महार माणसे राहत होती. मोबदल्यासाठी ती रस्त्यावर आली, तेव्हा जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी मेले.

तरीही होमरला आपला म्हणण्याची घाई नको. त्याने युमेयसला मोठेपण दिले ते तो धन्याशी इमानी राहिला म्हणून. आणि त्यातही त्याला राजपुत्र ठरवावे लागले. त्याच काव्याच्या बाविसाव्या सर्गात धन्याशी बेइमान ठरलेल्या बारा दासींना एका दोरावर फाशी दिले जाते. त्यांचा गुलामीचा दिवस कवी सांगत नाही. दलित साहित्य युमेयसच्या इमानावर उभे राहणार नाही. ते या बारा जणींच्या बाजूने लिहिले जाईल.

तेव्हा त्या मुलाला माझे उत्तर असे : परक्या देवांची पूजा करू नकोस आणि त्यांनी दिपूनही जाऊ नकोस. पण त्यांच्या कथा जरूर वाच, आणि प्रत्येक कथेला विचार की हा राक्षस कोणी ठरवला, आणि हा गुलाम कोणत्या दिवशी झाला. जोतीरावांनी होमर असाच वाचला. ज्याला आरंभाचा दिवस सापडतो, तो अंताचा दिवसही ठरवू शकतो.